दरवाजा कुठे आहे?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी पाहुणे आले की मी त्यांना मालवीय रोडला नेतो आणि विचारतो, ‘कैसर-ए-हिंद दरवाजा शोधा.’ रवि भवनच्या दुकानांच्या गर्दीत तो सहसा कुणाला दिसत नाही. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं, त्या 1877 सालची ही आठवण. राणीचं मला काडीचं कौतुक नाही. पण कमान बांधणारे गवंडी आपलेच होते ना!

याउलट आठ कोनांची जुनी इमारत बघा. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या देणगीतून 1875 मध्ये ती संग्रहालयासाठी उभी राहिली. 1953 मध्ये संग्रहालयाची नवी वास्तू झाली, पण ही ओस पडली नाही. महाकोशल कला वीथिका म्हणून तिच्या भिंतींवर चित्रं लागली. माणसांची ये-जा असली की छत गळतंय हेही वेळेवर कळतं.

म्हणून रंगरंगोटीचं टेंडर नंतर काढा. आधी दरवाजासमोरचे फलक नि लोंबत्या तारा हलवा, हिंदी-छत्तीसगढीत चार ओळींची पाटी लावा. शेजारच्या दुकानदारांनाही बैठकीला बोलवा. रोज सकाळी शटर उघडताना तो दरवाजा तेच तर बघतात.