कॉफीचं मशीन घेण्याआधी

दिवाळीचे सेल जवळ आले की झाशीतल्या आमच्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. यंदा कॉफीचं मशीन घ्यायचं का? पुण्याला, बंगळुरूला शिकायला गेलेली मुलं सुट्टीत घरी येतात, ओट्यावरच्या इन्स्टंटच्या बाटलीकडे पाहून नाक मुरडतात आणि मोबाईलवर एखादं चकचकीत यंत्र दाखवतात. आई आधी किंमत बघते. आजोबा विचारतात, "आपली जायफळाची कॉफी काय वाईट आहे?" तुमच्याकडेही हे चाललं असेल, तर पैसे भरण्याआधी पाच मिनिटं द्या. मशीन घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण यादीत ते सगळ्यात खाली ठेवा. कपातली चव आधी पावडरीवर ठरते, मग पाण्यावर, मग दळण्यावर. यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो.

मुळात आपल्याला कोणती कॉफी हवी आहे, हे घरात एकदा ठरवून घ्या. इकडे उत्तरेत कॉफी म्हटलं की थंडीतल्या लग्नांमधलं ते वाफेचं मोठं मशीन डोळ्यांसमोर येतं. फुसफुसणारी नळी, फेसाळ दूध आणि वरून भुरभुरलेली चॉकलेट पावडर. दुसरी म्हणजे साखर आणि इन्स्टंट कॉफी वाटीत पांढरी होईपर्यंत फेटून केलेली. आणि तिसरी आपली, दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोड्याची. तिन्ही छान लागतात, पण तिन्हींत मुख्य चव दुधाची आणि साखरेची असते. कॉफीची स्वतःची चव हवी असेल तर खरेदी वेगळी करावी लागते. फेटलेलीच आवडत असेल तर काहीच विकत आणू नका, चमचा आणि वाटी पुरे.

आता पावडर. पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार चिकोरी मिसळलेल्या कॉफीवर दोन्हींचं प्रमाण छापावं लागतं आणि चिकोरी 49 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे 'फिल्टर कॉफी' लिहिलेल्या पाकिटात जवळजवळ निम्मी कॉफी नसू शकते आणि ते कायदेशीर असतं! चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे. ती एका झाडाची भाजलेली मुळी. दाक्षिणात्य फिल्टर कॉफीला दाटपणा आणि गडद रंग येतो तो हिच्यामुळे. गंमत म्हणजे ती पिकते आपल्याच उत्तर प्रदेशात, एटा-कासगंजकडे, आणि गुजरातेत. पहिल्यांदा घेताना 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी हे मिश्रण घ्या. दुसऱ्या वेळी निव्वळ कॉफी आणून दोन्ही शेजारी ठेवून प्या. घरातल्या प्रत्येकाची आवड एका सकाळी कळते.

पाकिटावर आणखी एक गोष्ट शोधा, कॉफी भाजल्याची तारीख. 'अमुक महिन्यांपर्यंत वापरा' या ओळीवरून ताजेपणा कळत नाही. भाजलेले अखंड दाणे नीट ठेवले तर महिना-दीड महिना छान राहतात. दळलेल्या पावडरीचा सुगंध मात्र आठवडा-दोन आठवड्यांत उतरू लागतो. त्यामुळे किलोभर स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका, 250 ग्रॅमचं पाकीट घ्या. आपल्या झाशीला एक सोय आहे. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात होते, आणि कर्नाटक एक्सप्रेस आपल्या स्टेशनात थांबते. चेन्नईकडून ग्रँड ट्रंक येते. बंगळुरूहून कुणी नातेवाईक येणार असेल तर चिवड्याच्या डब्याऐवजी ताजी दळलेली पाव किलो कॉफी मागवा. ऑनलाइन मागवायची तर मे-जूनचा मोठा साठा टाळा, कारण पंचेचाळीस अंशांत कुरिअरच्या गाडीत तापलेली कॉफी घरी येईपर्यंत अर्धी शिळी झालेली असते. घरी आल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवा. फ्रिजच्या दारात नको. रोज आतबाहेर करताना तिला ओल लागते आणि कोथिंबिरीचा वास चिकटतो.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण इथे बहुतेक घरं फसतात. कपात कॉफी दिसत असली तरी त्यात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. तुमच्या गीझरच्या कॉइलवर किंवा किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो ना? बोअरिंगचं पाणी वापरणाऱ्यांना तो ओळखीचा असेल. असं जड पाणी कॉफीतला हलका आंबटपणा मारून टाकतं आणि चव सपाट, खडूसारखी होते. म्हणून आपण आरओचं पाणी घेतो, तर तिथे उलटं होतं. क्षार इतके कमी उरतात की कॉफी पातळ आणि टोचरी लागते. कॉफीच्या जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुचवलेला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला साधारण 150 मिलिग्रॅम आहे. 75 ते 250 पर्यंत चालतं.

हे घरी कसं मोजायचं? आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या पिशवीत पेनाएवढा टीडीएस मीटर असतोच. पुढच्या वेळी तो आला की त्याला नळाचं आणि आरओचं, दोन्ही पाणी मोजायला सांगा आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. समजा आरओचं 40 निघालं आणि नळाचं 400. तर दोन पेले आरओच्या पाण्यात एक पेला नळाचं गाळलेलं, उकळलेलं पाणी मिसळलंत की साधारण 160 होतं. काही आरओ यंत्रांत हे प्रमाण वाढवायचा छोटा स्क्रू असतो, त्याच माणसाला विचारा. मात्र मिसळायचं पाणी पिण्यालायक आहे याची खात्री असेल तरच हा उद्योग करा. बोअरिंगचं न तपासलेलं पाणी कॉफीसाठीही नको.

तुमचं मशीन घ्यायचं ठरलंच असेल तरी हे पाणी-पुराण कामाचं आहे. मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांमध्ये तोच पांढरा थर साचतो आणि पहिल्या उन्हाळ्यातच पाण्याची धार बारीक होते. किटली सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने सहज साफ होते, इथला किराणेवाला त्याला 'नींबू का फूल' म्हणतो. मशीनच्या पोटात हात घालता येत नाही.

मग साधनांत पहिलं काय घ्यायचं? माझं उत्तर ऐकून लोक हसतात: वजनकाटा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, चार-पाचशे रुपयांपर्यंत मिळतो. आपल्याकडे 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापावर कित्येक पिढ्यांना स्वयंपाक शिकवला, आणि भाजी-आमटीला ते माप उत्तमच आहे. कॉफीत चमचा दगा देतो. पावडर जाडी की बारीक, हलकी भाजलेली की गडद, यावर एकाच चमच्यात कधी पाच ग्रॅम बसते, कधी आठ. मग काल छान झालेली कॉफी आज कडू का झाली, याचा पत्ताच लागत नाही. काळ्या कॉफीला एका लिटर पाण्याला 60 ग्रॅम, म्हणजे पाव लिटरच्या मगाला 15 ग्रॅम, इथून सुरुवात करा आणि मग जिभेला विचारून एखादा ग्रॅम वर-खाली करा.

दुसरी वस्तू, स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. काही शे रुपयांचं काम, वीज लागत नाही, मोडण्यासारखं त्यात काही नाही. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, हजार-बाराशे वॉटचं मशीन चालत नाही. गॅसवर पाणी तापवून फिल्टर भरायला कुणाची परवानगी लागत नाही. तीन कपांसाठी वरच्या भांड्यात 20-25 ग्रॅम बारीक पावडर घाला, चकतीने अगदी हलकं दाबा, आणि उकळून अर्धा मिनिट थांबलेलं 120 मिलिलिटर पाणी गोल फिरवत ओता. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. दोन-तीन मिनिटांतच सगळं खाली आलं तर पावडर जाडी आहे किंवा कमी पडली. थेंबच पडत नसेल तर ती फार दाबली गेली आहे. खाली उतरलेला अर्क पुन्हा उकळायचा नाही. त्यात गरम दूध घालायचं.

दुधाचं म्हणाल तर आपल्याकडे म्हशीचं दूध जास्त. त्याच्या सायीखाली हलक्या भाजणीची महागडी कॉफी पार बुडते. दूध घालूनच पिणार असाल तर मध्यम-गडद भाजणी घ्या आणि 'फुलांचा सुगंध, संत्र्याची चव' असं लिहिलेली पाकिटं काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी सोडा.

काळी कॉफी आवडणाऱ्याने फ्रेंच प्रेस घ्यावा. काचेचं भांडं, आत जाळीचा दट्ट्या, चार मिनिटांत कॉफी तयार. घासताना काच फुटते, म्हणून स्टीलचा मिळाला तर तो बरा. कडक, घट्ट कॉफी हवी असेल तर इटलीत 1933 साली निघालेला मोका पॉट आहे. तो गॅसवर चालतो. मात्र त्याचा 'तीन कप' म्हणजे इटालियन चिमुकले कप, आपला जेमतेम एक मग भरतो. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही, आणि बूड लहान असल्याने शेगडीवर डुगडुगतो, त्याखाली छोटी जाळी ठेवा.

दळण्याकडे आधी मिक्सरने बघू. मिक्सरचं पातं दाणे कापतं, सारखे दळत नाही. थोडं पीठ होतं, थोडे तुकडे राहतात. पिठातून कडवटपणा उतरतो, तुकडे कच्चेच राहतात. फ्रेंच प्रेससाठी थांबत-थांबत दळून मैद्याच्या चाळणीने पीठ काढून टाकलंत तर काम भागतं. खरी सुधारणा हवी असेल तर हाताने फिरवायची, जात्यासारख्या दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे भरडणारी दळणी घ्या. मशीनसाठी बाजूला काढलेल्या पैशांतला पहिला मोठा वाटा मी इथे घालेन.

आणि तरीही मशीन हवं असेल, तर जाहिरातीतल्या '15 बार', '20 बार' या आकड्यांना भुलू नका. एस्प्रेसो साधारण 9 बार दाबावर काढतात. तो मोठा आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा असतो. फक्त वाफेवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांत तेवढा दाबही येत नाही. बारीक दळणीशिवाय मशीन अर्धवटच, म्हणून दोन्हींची किंमत एकत्र धरा. शिवाय विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: बिघडलं तर दुरुस्ती झाशीत होईल, की खोक्यात भरून दिल्लीला पाठवावं लागेल? उत्तर लांबलं तर समजून घ्या.

पुस्तकं घ्यायची असतील तर एकच चाचणी लावा. कॉफी करण्याचं कुठलंही पान उघडा. तिथे ग्रॅम, मिनिटं आणि पाण्याचं तापमान दिलेलं असेल तर पुस्तक कामाचं. नुसते वाफाळत्या कपांचे फोटो असतील तर ते दिवाणखान्यातल्या टेबलावर शोभेल, एवढंच. 2007 साली जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकलेल्या जेम्स हॉफमन यांचं 'हाऊ टू मेक द बेस्ट कॉफी ॲट होम' (2022) घरच्या माणसासाठी सगळ्यात उपयोगी. इंग्रजी सोपं आहे, दहावीतल्या नातवंडाला शेजारी बसवून आजीही वाचू शकेल. त्यांचंच 'द वर्ल्ड ॲटलास ऑफ कॉफी' देशोदेशींच्या कॉफीबद्दल आहे, ते दुसरं घ्या. स्कॉट राव यांचं 'द प्रोफेशनल बरिस्ताज हँडबुक' कॅफे चालवणाऱ्यांसाठी आहे, घरी लागत नाही. विल्यम यूकर्स यांचा 1922 सालचा 'ऑल अबाउट कॉफी' हा जाडजूड ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो. करायला शिकण्यासाठी तो जुना झाला, पण कॉफीच्या जगभरच्या गोष्टी झोपण्याआधी मोबाईलवर वाचायला मजेदार. माझं सगळ्यात आवडतं मात्र ए. आर. वेंकटाचलपती यांचं 'इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी'. यात पाककृती नाही. आज तमिळ घराची ओळख झालेली कॉफी एके काळी तिथे परकी, बिघडवणारी मानली जायची, हे वाचून घरातल्या चहावाल्यांना उत्तर देता येतं.

घरातल्या कुणाला कॉलेजजवळ छोटं कॉफीचं दुकान काढायचं असेल तर पुस्तकांवर थांबू नका. बंगळुरूच्या कॉफी बोर्डाचा 'कापी शास्त्र' नावाचा प्रशिक्षणवर्ग असतो. महागडं मशीन उधारीवर उचलण्याआधी त्याची चौकशी करा.

कॉफी ताजी आणि चांगली झाली की जास्त प्यायली जाते, म्हणून हेही सांगते. निरोगी मोठ्या माणसाने दिवसाला 400 मिलिग्रॅम आणि गरोदर बाईने 200 मिलिग्रॅम कॅफीनच्या वर जाऊ नये, असं युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचं म्हणणं आहे. रोबस्टा जातीच्या दाण्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं, तेव्हा पाकिटावर जातही वाचा. संध्याकाळनंतर मुलांना दूधच द्या.

राहता राहिली आजोबांची जायफळाची कॉफी. ती बंद करायचं काहीच कारण नाही. फक्त जायफळ फिल्टरमधल्या पावडरीत मिसळू नका, त्याचा वास जाळीला चिकटून बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या साध्या कॉफीतही येतो. दूध तापत असतानाच त्यावर दोन-तीन वेळा जायफळ किसा, साखर तिथेच विरघळवा, आणि गॅस बंद केल्यावर फिल्टरमधला ताजा अर्क घाला. पहिल्या दिवशी आजोबांना काही सांगू नका, नुसता कप पुढे करा.