माळ्यावरचा रेडिओ : पिन लावण्याची घाई नको

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या चाळी पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. खोली रिकामी करताना माळ्यावरून कधी कधी एक जड लाकडी पेटी खाली उतरते. पुढे कापडाची जाळी, खाली दोन-चार गोल बटणे, आणि काचेच्या पट्टीवर दिल्ली, सिलोन, लंडन अशी गावांची नावे. हा आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. मग घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, थांबा, पिन लावून बघू, वाजला तर ठेवू. आमच्या मते दोघांनीही जरा थांबावे. पहिल्याच्या म्हणण्याने वस्तू जाते. दुसऱ्याच्या म्हणण्याने वस्तू तर जातेच, प्रसंगी माणूसही जातो.

ही पेटी आपल्या भागाला परकी नाही. मर्फी ही १९२९ साली इंग्लंडमध्ये निघालेली कंपनी. तिच्या नावाचे रेडिओ पुढे आपल्या ठाण्यातल्या कारखान्यात तयार होत. त्या काळी रेडिओ घेऊन भागत नसे. तो ठेवण्यासाठी लायसन्स लागे आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा मजुराच्या घरात रेडिओ येणे ही मोठी गोष्ट होती. पगारातून पै-पै साठवून घेतलेली ही वस्तू आहे. ती किलोच्या भावाने देण्याआधी निदान उघडून तरी पाहावी.

पण उघडण्याआधी धोका समजून घ्या. हे रेडिओ दोन जातींचे असतात. एका जातीत आत वजनदार ट्रान्सफॉर्मर असतो. दुसरी जात एसी-डीसी सेटची. तिच्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची एक तार थेट लोखंडी चॅसीला जोडलेली असते. दोन पायांची पिन उलटी लागली, की सगळी चॅसी २३० व्होल्टची होते. बटणाची प्लास्टिकची टोपी गळून पडली असेल तर उघड्या दांड्याला हात लागला तरी शॉक बसतो. जात ओळखायची खूण व्हॉल्व्हच्या नावात आहे. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी ‘यू’ने सुरू होणारी नावे दिसली, तर सेट बहुधा एसी-डीसी समजा. ईसीएच ८१, ईएल ८४, ईझेड ८० अशी ‘ई’ची नावे बहुधा ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये असतात. ‘यू’च्या सेटवर काम करायचे तर एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. तो नसेल तर हा सेट जाणत्या मेकॅनिककडे न्या. त्याच्या चॅसीला अर्थिंगची तार जोडू नका, आणि मोबाइलची वायर तर त्याला कधीच लावू नका.

आता कामाला लागू. मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढा आणि काहीही हलवण्याआधी मोबाइलवर सगळीकडून फोटो घ्या. कोणता व्हॉल्व्ह कुठे होता हे नंतर आठवत नाही. धूळ रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशने झाडा. व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने पुसू नका. वरचे नाव पुसले गेले तर तो ओळखणे कठीण. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, रबराचे वेष्टन तडकले आहे का, ते पाहा. मेन्सची वायर जुनी असेल तर सरळ नवी टाका आणि सोबत फ्यूज बसवा.

त्यानंतर मीटर घ्या. स्पीकरची कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची व्हॉल्व्हकडची बाजू काहीशे ओहम दाखवते. तिथे मीटर हललाच नाही तर आतली बारीक तार तुटली आहे. हा दोष नेहमी आढळतो. व्हॉल्व्हची फिलामेंट एकेक करून तपासा. ‘यू’च्या सेटमध्ये सगळी फिलामेंट एका माळेत असतात. एक तुटले की सारेच विझतात, म्हणून सगळे व्हॉल्व्ह गेले असे समजू नका.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा कंडेन्सर असतो. फिल्टरचे मोठे कंडेन्सर वर्षानुवर्षे पडून सुकतात. मेणाचे, कागदाचे कंडेन्सर पावसाळ्याची ओल पिऊन गळू लागतात. त्यातला एक फार महत्त्वाचा. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे आवाज पोचवणारा तो छोटा कंडेन्सर गळका असला, की व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि स्वतःबरोबर ट्रान्सफॉर्मरही जाळतो. हा कंडेन्सर पिन लावण्याआधीच बदला. तेवढ्याच मापाचा, ६३० व्होल्टचा घ्या. फिल्टरचे बदलताना व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नकोत आणि अधिक-उणे उलटे लागू देऊ नका. मेन्सच्या दोन तारांमध्ये कंडेन्सर असेल तर तिथे त्याच कामासाठी बनवलेला एक्स-२ जातीचाच घाला. अभ्रकाचे कंडेन्सर सहसा टिकतात, त्यांना हात नको. पत्र्याच्या डबीतले स्क्रू तर मुळीच फिरवू नका. ते ट्यूनिंगचे असतात. एकदा बिघडले की साध्या मीटरने जुळत नाहीत. सुटे भाग मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प वापरा. वायरमनकडे असतो तोच. त्यात ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच पिन काढा. आत २०० व्होल्टच्या वर डीसी असते आणि पिन काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये साठून राहते. म्हणून पिन काढा, थांबा, मोठ्या रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिकामा करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. चालू सेटवर मोजताना एक हात पाठीमागे ठेवा, पायात चप्पल असू द्या, आणि घरात दुसरे जाणते माणूस हजर असू द्या. बटण बंद आहे म्हणजे सेट सुरक्षित आहे असे धरू नका. पिन बाहेर, तरच सुरक्षित.

पुढचे दोष आवाजावरून ओळखता येतात. सारखी घूंऽऽ अशी घरघर असेल तर फिल्टर पाहा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. काटा हलत नसेल तर आतला दोरा तुटला आहे. सगळे ठीक असूनही नुसता खरखराट येत असेल तर घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करून पाहा. मिडियम वेव्हवर त्यांचा फार त्रास होतो. या रेडिओंवर सहसा एफएम लागत नाही, आणि आकाशवाणीने देशातली बरीच मिडियम वेव्ह प्रक्षेपण केंद्रे बंद केली आहेत. तेव्हा पूर्वीइतकी स्टेशने मिळतील ही अपेक्षा नको. रात्री मात्र दूरची केंद्रे अधिक चांगली ऐकू येतात.

कुणी विचारील, एवढ्या खटपटीतून मिळवायचे काय? आमचे उत्तर साधे आहे. व्हॉल्व्ह ओळखणारे जुने मेकॅनिक आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्याशेजारी स्टूल टाकून बसणारे कुणी नसेल तर ही विद्या त्यांच्याबरोबर जाईल. आपली बारावीची मुले-मुली, आयटीआयची पोरे पुस्तकात करंट, व्होल्टेज, रेझिस्टन्स पाठ करतात. या पेटीत ते डोळ्यांनी दिसते. दोष अंदाजाने नव्हे, क्रमाने शोधायचा आणि मोजल्याशिवाय मानायचा नाही, हे इथे हाताला कळते. मुलाला शिकवाल तसे मुलीलाही मीटर हाती द्या. रेडिओ वाजला तर आजीला आनंद होईल. नाही वाजला तरी शिकलेले वाया जात नाही.