मधल्या साडेआठ लाखांचं कॉलेज

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत माझा भाव वधारतो. एरवी टाकी धुण्याच्या वर्गणीपुरते आठवणारे शेजारी डब्यात काहीतरी झाकून आणतात आणि 'सर, जरा वेळ आहे का' म्हणून दारात उभे राहतात. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात पुस्तपालन शिकवलं, त्याचं हे पेन्शनवरचं व्याज. यंदाचा पहिला डबा तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा, शंकरपाळ्यांचा. पेढे नव्हते, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं. मुलाला 61 टक्के.

"सर, याला कुठे मिळेल?"

मुलगा मागे उभा, नजर चपलेवर. एकसष्ट टक्के म्हणजे पहिला वर्ग. माझ्या वेळी एवढ्यावर गल्लीत पेढे वाटले जायचे. मला स्वतःला 54 होते आणि वडिलांनी निदान जिलबी तरी आणली होती. आज एकसष्टचं मूल नापास झाल्यासारखं उभं राहतं.

शिवाय त्या 'मिळेल' या क्रियापदाशीच माझं भांडण आहे. नव्वद टक्क्यांचं मूल कॉलेज निवडतं. साठवाल्याला ते मिळतं, रेशनवर तांदूळ मिळतो तसं. मिळेल ते घ्यायचं आणि मान खाली घालून दोन वर्षं काढायची.

ही मुलं किती आहेत, ते एकदा मांडून बघू. 2025 च्या दहावीच्या निकालात 14,55,433 नियमित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांतले 4,88,745 प्रावीण्यासह, म्हणजे 75 टक्क्यांच्या वर. पैकीच्या पैकी मिळवणारे 211. वर्तमानपत्रांतले फोटो त्यांचे. आणि 45 ते 75 च्या मधले, पहिला आणि दुसरा वर्ग मिळून, 8,57,907. निम्म्याहून जास्त. 'साधारण' म्हणून ज्यांची समजूत काढली जाते, तेच या राज्यातले बहुसंख्य विद्यार्थी. जागांचा तुटवडाही नाही. त्याच वर्षी पहिल्यांदा अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आणि वीस लाखांहून जास्त जागा यादीत दिसल्या. यांना कुठेतरी मिळणारच आहे. तेव्हा 'कुठे मिळेल' हा प्रश्न निकालातच निघालेला आहे.

माझं म्हणणं लोकांना उलटं वाटतं, पण इतकी वर्षं वर्गात उभा राहून ते पक्कं झालंय: कॉलेज कोणतं याने सगळ्यात जास्त फरक साठवाल्याला पडतो. पंचाण्णववाला कुठेही टाका, तो घरी क्लास लावील, यूट्यूब पाहील, पुस्तक फाडून खाईल. तो कॉलेजचं नाव करतो, कॉलेज त्याचं करत नाही. साठवाल्याला मात्र घसारा दुसऱ्यांदा समजावणारं कुणीतरी लागतं. तेरीज जुळली नाही की तो वही मिटतो; 'उघड, खतावणीत बघ, कुठली रक्कम उलट्या बाजूला गेलीय' असं म्हणणारं माणूस त्याच क्षणी बाकापाशी असावं लागतं. ते असलं तर हेच मूल बारावीला 75 वर जाताना मी पाहिलंय. नसलं तर डिसेंबरपर्यंत वर्गातून दिसेनासं होतं.

पण घरोघरी चर्चा चालते ती कटऑफची. ताईंनीही गेल्या वर्षीच्या यादीची छापील प्रत आणली होती, पिवळ्या पेनाने रेघा मारून. कटऑफ म्हणजे काय? त्या फेरीत दार बंद होताना शेवटच्या मुलाच्या हातात किती गुण होते, एवढंच. त्यावरून कॉलेजला मागणी किती आहे ते कळतं. मागणी स्टेशन जवळ आहे म्हणून असते, मामेबहीण तिथे होती म्हणून असते, नाव जुनं आहे म्हणून असते. आत तास होतात की नाही, याबद्दल तो आकडा मुका आहे. आणि कटऑफला जेमतेम टेकून आत गेलेल्या मुलाचं काय होतं, तेही सांगतो: शिक्षक वेग ठरवतात तो वर्गातल्या बहुतेकांवरून. ऐंशीच्या वर्गातल्या एकसष्टला पहिल्या चाचणीतच आपण कोण आहोत ते कळतं आणि मग तो मागचा बाक धरतो.

दुसरी पाटी निकालाची. 'बारावीचा निकाल 100 टक्के', फाटकावर फ्लेक्स, संस्थाचालकांचा हात जोडलेला फोटो. मी हिशेबाचा मास्तर, मला टक्का दिसला की आधी छेद आठवतो. शंभर टक्के, पण कितींपैकी? समजा, अकरावीला 120 मुलं घेतली. वर्षाअखेरीस त्यांतल्या तीसजणांना नापास केलं, किंवा पालकांना बोलावून गोड आवाजात सुचवलं की याचा दाखला न्या, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. उरलेले नव्वद बारावीला बसले, नव्वदही पास झाले. फ्लेक्स खरा, एका अक्षराचंही खोटं नाही. फक्त ते तीस कुठल्याच रकान्यात नाहीत. आणि ते तीस म्हणजे कोण, हे मी सांगायला नको. त्यांतला एक शंकरपाळ्यांच्या डब्यामागे उभा होता. हा खेळ मी शिक्षक-खोलीत बसून पाहिलाय. एकदा एका बैठकीत तोंड उघडलं, तर पुढच्या वर्षी वेळापत्रकात माझे सगळे तास जेवणाच्या सुट्टीनंतरचे आले. असो.

म्हणून मी पालकांना एकच आकडा विचारून यायला लावतो. गेल्या वर्षी अकरावीला किती होते आणि त्यांतले यंदा बारावीत किती आहेत? ऑफिसातला क्लार्क आधी टाळाटाळ करील. शिपायाला विचारा, तो सांगतो.

ऑनलाइन यादीही डोळे उघडे ठेवून वाचावी लागते. एकाच कॉलेजचं नाव दोन-तीनदा दिसतं, ती छपाईची चूक नव्हे. एक तुकडी अनुदानित, एक विनाअनुदानित, कुठे स्वयंअर्थसहाय्यित. माध्यम मराठी की इंग्रजी, तेही वेगळं. इमारत एक, कटऑफ वेगळा, आणि फी तर बघायलाच नको. अनुदानित तुकडीत पगार सरकारकडून येतो, म्हणून कायम शिक्षक सापडण्याची शक्यता जास्त. विनाअनुदानितला बऱ्याचदा वर्षावर्षाच्या नेमणुकीवरची माणसं असतात. त्यांत जीव ओतून शिकवणारेही पुष्कळ भेटले, पण जूनमधले सर जानेवारीत असतीलच असं नाही, आणि साठवाल्याला माणूस बदललेला झेपत नाही.

विज्ञान शाखेत तर तिसराच प्रकार. 'इंटिग्रेटेड', 'टायअप', नावं काहीही द्या. प्रवेश कॉलेजात, मूल दिवसभर क्लासात. 2018 मध्ये सरकारने मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी आणायचा प्रयत्न केला, तो यासाठीच. जेईई-नीटची घोडदौड करणाऱ्याला ही सोय मानवत असेल. गणितात 44 असलेल्या मुलाला तिथे टाकणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला समुद्राची फी भरून द्यायची.

ताईंच्या मुलाला गणितात 44 आणि विज्ञानात 51 होते. चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे वाढीव गुणही बेरजेत धरलेले. "सायन्स घेतलं की सगळे रस्ते खुले राहतात ना, सर?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ऐकू येतं. रस्ते खुले राहतात हे खरं, पण चालायला पायही लागतात. मी त्यांना पॉलिटेक्निक सुचवलं. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, वर्कशॉपमध्ये हात काळे होतात आणि पुढे वाटलं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मुलानेच मान हलवली. त्याला दुकान टाकायचंय. कसलं, ते अजून ठरलेलं नाही. पण शब्द निघाला तेव्हा त्याची नजर पहिल्यांदा चपलेवरून उठली. मग कॉमर्स. यावर मी पक्षपाती आहे, ते मान्य करतो.

राहता राहिला लोकलचा प्रश्न. यादीत ताईंनी सगळ्यात वर माटुंग्याचं कॉलेज लिहिलं होतं. आमच्या डोंबिवलीहून सकाळी सातचा तास गाठायचा तर साडेपाचला घर सोडायचं, परतीला धक्के खात दुपारी दोन. घरी आल्यावर ते मूल रोजकीर्द उघडेल की अंथरूण, हे विचारायची गरज नाही. दहा पसंती लिहिता येतात, म्हणून दहा भरायच्याच असं कुणी सांगितलेलं नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांचं दार बंद होतं. तेव्हा पहिल्या ओळीत हौस नको; जिथे जून ते मार्च रोज जायची तयारी आहे, तेच नाव हवं.

"मग पहिलं कुठलं लिहू?" ताई म्हणाल्या. मी म्हटलं, मला विचारू नका, बघून या. बारावीचे वर्ग जूनच्या मध्याला सुरू होतात, फॉर्मच्या पसंती बदलायची मुदत तेव्हा होती. कल्याण-डोंबिवलीतली तीन कॉलेजं निवडली. सकाळी अकराच्या सुमाराला जायचं, प्राचार्यांना भेटायचं नाही, नुसतं व्हरांड्यातून चालत जायचं. मुलाला म्हटलं, तू मोज.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच आला, डब्याशिवाय. पहिल्या ठिकाणी वॉचमनने आतच सोडलं नाही. दुसऱ्याची इमारत काचेची, एसी ऑडिटोरियम, फाटकावर शंभर टक्केवाला फ्लेक्स. कॅन्टीनमध्ये बसायला जागा नव्हती आणि कॉमर्सच्या तीन वर्गांत मिळून अकरा मुलं.

"आणि तिसरं?"

"ते जुनं आहे सर. पंखे वाजतात. जिन्यापाशीच्या वर्गात एक मॅडम ओरडत होत्या."

"कुणावर?"

"सगळ्यांवरच. वही नाही आणली म्हणून." तो जरा थांबला. "वर्ग भरलेला होता. तेच एक नंबरला टाकलंय."