लोवूडची शाळा आणि आपली शाळा

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्या ओळीने वाचत गेले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यांतील गाजलेल्या नायिकांना आईबाप फारसे नसतात. शार्लट ब्राँटीची जेन एअर (१८४७) पोरकी आणि मामीच्या घरी नकोशी. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'मधील बेकी शार्प (१८४८) हीदेखील पोरकी. बाप चित्रकलेचा मास्तर, आई नाटकशाळेतील फ्रेंच नर्तकी. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मधील (१८१४) फॅनी प्राइसचे आईबाप हयात आहेत, पण दारिद्र्यामुळे तिला श्रीमंत मावशीच्या वाड्यात आश्रित म्हणून वाढावे लागते. लेखकांना पोरक्या मुलींचा एवढा लळा का असावा? कारण उघड आहे. बाप घरात असता तर मुलीचे लग्न त्याने ठरविले असते आणि कादंबरी दहाव्या पानावर संपली असती. ज्या मुलीच्या मागे कोणी नाही, तिलाच स्वतःच्या पायाने चालावे लागते, स्वतः निर्णय घ्यावे लागतात आणि चुकावेही लागते. म्हणून तिची गोष्ट होते.

आपल्या मराठी कादंबरीत हे चित्र नेमके उलटे आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतील यमूला माणसे कमी नाहीत, जास्त आहेत. सासर, माहेर, मामंजी, सोवळ्या बायका, शेजारपाजार या सर्वांचा तिच्यावर हक्क आहे; तिचा मात्र कोणावरही नाही. मराठी नायिकेचे परकेपण घराबाहेर नव्हते. ते भरल्या घराच्या मध्यभागी, माजघरात होते, आणि नवरा मरताच ते उघडे पडे.

या दोन मुलींमध्ये एक दुवा आहे, तो केसांचा. लोवूडच्या धर्मादाय शाळेत जेन शिकते. तिचा कारभारी ब्रॉकलहर्स्ट एके दिवशी तपासणीला येतो, एका मुलीचे नैसर्गिक कुरळे केस पाहून संतापतो आणि ते साफ कापून टाकण्याचा हुकूम देतो. धर्मादायावर जगणाऱ्या मुलींना कुरळे केस कशाला? तो हे बोलत असतानाच त्याची स्वतःची बायको आणि मुली मखमलीत, केस कुरळे करून, दालनात येतात. ब्राँटीबाईंनी त्यावर भाष्य केलेले नाही, गरजही नव्हती. यमूच्या डोक्यावर तर कात्री नव्हे, वस्तरा चालतो.

'करमणूक' पत्रातून यमूची ही कहाणी १८९० पासून क्रमशः छापून येऊ लागली. त्याच साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार तिने केला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला! पुण्या-मुंबईच्या वाचकांनी यमूसाठी अश्रू ढाळले, ते योग्यच होते. मात्र ज्या श्रमकरी माणसांनी तिच्यासाठी आपल्या रोजीवर पाणी सोडण्याची तयारी दाखविली, त्यांच्यातील कोणी त्या काळच्या कादंबरीचा नायक झाला नाही. वाङ्मयाच्या इतिहासाला सामाजिक इतिहासाची जोड का हवी, हे शिकविताना मी हेच उदाहरण देते.

आपल्या यवतमाळला या विषयाचे एक ताजे पानही लाभले आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठले आणि अखेर उद्घाटनाचा मान मिळाला तो आपल्याच जिल्ह्यातील वैशाली येडे यांना, एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीला. निमंत्रण मागे घेणे निंद्यच होते; ती चूक या निवडीने धुऊन निघाली असे मी म्हणणार नाही. पण यमूला जे बोलायचे होते ते हरिभाऊंना तिच्या वतीने लिहावे लागले, आणि येथे एक विधवा साहित्याच्या व्यासपीठावरून स्वतःच्या तोंडाने बोलली, हा फरक सव्वाशे वर्षांचा आहे.

आता जेनकडे परत येऊ. कादंबरीच्या उत्तरार्धात जेनचे दैव पालटते. मदिरा बेटावरील चुलता वीस हजार पौंड ठेवून मरतो. जेन ते चार भावंडांत सारखे वाटून घेते आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. तेथील भिंत वर्गाची आहे. पैसा आला, नातेवाईक सापडले, भिंतीला दार पडले. जातीच्या भिंतीला असे दार आहे काय?

याचे उत्तर कोणत्याही कादंबरीपेक्षा नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) या आत्मकथनात अधिक स्पष्ट आहे. महार कुटुंबात जन्मलेली ही मुलगी संस्कृत शिकली आणि संस्कृतात एम.ए. झाली. तिच्याजवळ जेनपेक्षा मोठी पुंजी होती, ती विद्येची. तरी नोकरीची दारे उघडेनात. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले, 'सोमकुवर'चे 'पावडे' झाले, आणि मग नेमणूक मिळाली. ही नेमणूक नक्की कोणाला मिळाली, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आहे. जेनला वारसा मिळाला तेव्हा तिचे नाव तेच राहिले. कुमुदताईंचे ज्ञान तेच राहिले, नाव तेवढे बदलले. डॉ. केतकरांच्या 'ब्राह्मणकन्या'मधील (१९३०) कालिंदीचे दुखणेही याच जातीचे आहे. बाप ब्राह्मण, सुशिक्षित, सुधारक. पण आईची आई कोणाची तरी रक्षा होती, एवढ्यावरून त्या मुलीला प्रतिष्ठित घरात जागा नाही. केतकरांची समाजशास्त्रीय व्याख्याने मधेमधे कंटाळा आणतात, हे मान्य करूनही ही कादंबरी आपल्या मुलींनी वाचावी.

परंतु जेनच्या कादंबरीत आपण नेमके कोठे आहोत, हा प्रश्न अजून शिल्लक राहतो. प्रथम वाचताना प्रत्येक गरीब घरची मुलगी स्वतःला जेन समजते. दुसऱ्या वाचनात मात्र माळ्यावरचे हसू ऐकू येऊ लागते. थॉर्नफील्डच्या तिसऱ्या मजल्यावर रॉचेस्टरने आपली पहिली पत्नी बर्था हिला कोंडून ठेवले आहे. ती जमैकाची आहे आणि तिच्याबरोबर तीस हजार पौंड आले आहेत. वेस्ट इंडीजमधील पैसा म्हणजे ऊस, मळे आणि गुलाम. फॅनी प्राइस ज्या वाड्यात वाढते त्याच्या मालकाची मालमत्ताही अँटिग्वात आहे. बर्थाला पूर्ण कादंबरीत एक वाक्यही नीट बोलू दिलेले नाही. ती गुरगुरते, चावते, आग लावते आणि मरते. तिच्या मरणाने जेनच्या लग्नाचा मार्ग मोकळा होतो. बर्थाची बाजू सांगायला वेस्ट इंडीजमध्येच जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांना १९६६ साल उजाडावे लागले. आपल्याकडे बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, मुक्ता सर्वगोड, ऊर्मिला पवार यांनी लिहिले, तेव्हाच मराठी वाङ्मयाच्या माळ्याचे कुलूप निघाले. तत्पूर्वी १८५५ मध्ये फुले दाम्पत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने 'ज्ञानोदया'त निबंध लिहून ते एकदा खडखडविले होते. पण तिच्यानंतरचे मौन फार लांबले.

येथवरचे सारे आपल्या वाचकांना पटेल, कारण यात दोषी दुसरे आहेत. यापुढचे कदाचित रुचणार नाही.

आपल्या जिल्ह्यातील निवासी शाळांत बौद्ध मुलींबरोबर कोलाम, आंध, बंजारा आणि पारधी मुलीही राहतात. आपण त्यांना प्रवेश देतो, याचा अभिमान प्रत्येक अहवालात असतो. मला ठाऊक असलेल्या एका वसतिगृहात (त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही) आठवीतील एका मुलीचे पाचशे रुपये हरवले. सर्वांत आधी पेटी उघडली गेली ती पारधी मुलीची. तिचे कपडे सगळ्यांसमोर झटकले गेले. काही निघाले नाही. दोन दिवसांनी नोट सापडली, ती हरवणारीच्याच गाईडमध्ये. सगळ्यांना हायसे वाटले आणि विषय संपला. त्या पारधी मुलीसाठी मात्र तो संपला नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती पालावर गेली, ती परतलीच नाही.

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. स्वतंत्र भारताने तो १९५२ मध्ये रद्द केला. विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) ही कादंबरी त्या कायद्याने उभारलेल्या तारेच्या कुंपणातील वसाहतीवर आहे. कुंपणे निघाली. पण पेटी कोणाची आधी उघडायची, हे ज्या हाताने ठरविले तो हात इंग्रजांचा नव्हता. बाबासाहेबांचा फोटो ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीखाली हे घडले.

लोवूडमध्येही असाच प्रसंग आहे. ब्रॉकलहर्स्ट जेनला उंच स्टुलावर उभी करतो, सर्व शाळेसमोर खोटारडी ठरवितो आणि तिच्याशी कोणी बोलू नये असे फर्मावितो. तिची मैत्रीण हेलन बर्न्स सहन करण्याचा उपदेश करते. हेलन मला आवडते. पण तिचे तत्त्वज्ञान म्हणजे आपल्या पूर्वजन्माच्या कर्माचाच ख्रिस्ती अवतार आहे आणि ते पोरींच्या गळी उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरे काम करते ती मुख्याध्यापिका मिस टेंपल. ती जेनचे म्हणणे ऐकून घेते. ज्या वैद्याला खरी हकीकत ठाऊक आहे, त्याला पत्र लिहिते. उत्तर आल्यावर पूर्ण शाळा पुन्हा गोळा करते आणि जेन निर्दोष असल्याचे जाहीर करते. आरोप चारचौघांत झाला, म्हणून मुक्तताही चारचौघांत. एवढी एक सभा त्या वसतिगृहात भरली असती, तर ती मुलगी आज दहावीला असती.

दुसरा मुद्दा वाटपाचा. स्नेहसंमेलनात 'अनाथ व निराधार विद्यार्थिनी' म्हणून नावे पुकारायची, मुलींना ओळीने व्यासपीठावर आणायचे, दात्याच्या हातून वही, ब्लँकेट द्यायचे आणि फोटो काढायचा, ही रीत जिल्ह्यात सर्रास आहे. दात्यांच्या भावनेविषयी शंका नाही. पण बापाने फवारणीचेच औषध पिऊन जीव दिला, हे जिच्या वर्गमैत्रिणींना आजवर ठाऊक नव्हते, तिची ओळख त्या दिवशी माइकवरून होते. स्टूल आणि व्यासपीठ यांत उंचीचाच काय तो फरक!

आपल्या परंपरेत याहून वेगळा धडा आहे. रमाई स्वतः पोरक्या होत्या. आईबाप लहानपणीच गेले आणि काका-मामांनी त्यांना मुंबईत वाढविले. धारवाडच्या वसतिगृहातील त्यांची गोष्ट समाजात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. अनुदान अडकल्याने मुलांची चूल पेटत नाही, हे कळताच त्यांनी बांगड्या काढून दिल्या. त्या गोष्टीत व्यासपीठ नाही, मुलांची रांग नाही. मुलांना कळले ते एवढेच, की आज जेवण आहे. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, ते दयेचे दुकान म्हणून नव्हे. शिक्षणाचा हक्क आहे, पण गावात राहून तो बजावता येत नाही, म्हणून छप्पर हवे, एवढा त्यामागचा साधा हिशेब होता.

लोवूडही पुढे सुधारले. तापाची साथ आली, ऐंशीपैकी पंचेचाळीस मुली एकाच वेळी आजारी पडल्या, बाहेर बोभाटा झाला आणि मग समिती नेमली गेली, इमारत बदलली, अन्न बदलले. ब्राँटीबाईंनी हे मनाने रचले नव्हते. त्यांच्या दोन थोरल्या बहिणी अशाच शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ मध्ये वारल्या. आपण साथीची वाट पाहू नये.

म्हणून स्मरणिकेच्या प्रकाशनानंतर होणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या सभेपुढे मी दोन ठराव ठेवीत आहे. पहिला असा, की यापुढे कोणतेही वाटप व्यासपीठावर होणार नाही. वस्तू कोठीत जमा होतील, तेथून सर्व मुलींना सारख्या मिळतील आणि दात्याचे नाव फलकावर लागेल, मुलीचे नाही. दुसरा असा, की वसतिगृहात काही हरवल्यास अधीक्षिकेने झडती घेण्यापूर्वी दोन शिक्षिकांना बोलवावे, झडती झालीच तर ती पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत सर्वांची व्हावी, आणि जिच्यावर संशय घेतला गेला ती निर्दोष ठरल्यास दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर, सर्व मुली बसलेल्या असतानाच, तसे तिच्या नावानिशी सांगावे. दोन्ही ठरावांना अनुमोदक हवे आहेत.