पालावर मुलाखतीला जाताना

विमुक्त दिनासाठी किंवा कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुम्ही पारधी, कैकाडी, वडार वस्तीवर मुलाखती घ्यायला निघाला असाल. तुमचा हेतू चांगलाच असणार. पण चुकीच्या प्रश्नाचा त्रास तुम्हाला होत नाही, वस्तीला होतो. म्हणून जाण्याआधी एवढं ऐका.

थोडं वाचून जा. १८७१ चा कायदा करून इंग्रजांनी कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापुरात तर अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे सगळं कायद्याने संपलं, म्हणून तो विमुक्त दिन. शिक्का मात्र पुसला गेला नाही. आजही गावात चोरी झाली की संशय आधी पारध्यावर जातो.

तेव्हा ‘तुमच्यात अजून चोऱ्या करतात का?’ हे विचारूच नका. ‘लोक म्हणतात म्हणून विचारतो’ अशी पुस्ती जोडूनही नको. तुमच्या शेजारच्या काकांना तुम्ही हे विचाराल का? नाही ना? मग इथेही नाही.

वेळ त्यांच्या सोयीची ठरवा. तुमच्यापायी कुणाची मजुरी बुडू नये.

गेल्या गेल्या मोबाइल काढू नका. आधी बसा. चहा आला तर घ्या. मोठ्यांना अहो-जाहो करा. तुम्ही कोण, मुलाखत कुठे दाखवणार, हे साध्या शब्दांत सांगा. ‘नको’ म्हणाले तर नमस्कार करून उठा. कारण विचारू नका.

नाव द्यायचं का, चेहरा दाखवायचा का, हे त्यांनाच विचारा. शहरात भाड्याने राहणाऱ्या एखाद्या बाईने घरमालकाला जात सांगितलेली नसते. तिचा व्हिडिओ फिरला तर खोली जाते. पोलिस केसचं कुणी ओघात बोललं, तर ते ठेवायचं का, हे पुन्हा विचारा. जराही शंका वाटली तर गाळा.

मग विचारायचं काय?

कामाचं विचारा. घाव कुठे घातला की दगड सरळ फुटतो, हे वडार आजोबा तुम्हाला हातात छिन्नी घेऊन दाखवतील. शाळेतल्या मुलीला तिचा आवडता विषय विचारा. एकट्या माणसाला साऱ्या समाजाचा जाब विचारू नका.

अडचणीचं विचाराल तर नेमकं विचारा. ‘गरिबीत कसं वाटतं?’ याने काही कळत नाही. ‘जातीच्या दाखल्याचं काम कुठे अडलं?’ हे विचारा. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींकडे २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा राहण्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा गावोगाव पाल ठोकत फिरले, त्यांनी तो कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून पोराची शिष्यवृत्ती अडते. हे लोकांपुढे यायला हवं.

मारहाण, मृत्यू, अत्याचार उकरून काढू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका. डोळे भरले तर रेकॉर्डिंग बंद करा.

‘घरकुल मिळवून देतो’ असलं काही कबूल करू नका. ते तुमच्या हातात नाही.

छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. खोडा म्हणतील ते खोडा. आणि छापून आलं की त्याची एक प्रत घेऊन वस्तीवर नक्की परत जा.