लेहरा दमत नाही, मनगट दमते

पूर्वी तबल्याच्या रियाजाला पेटीवर नगमा धरायला कोणीतरी बसावे लागे. तो दमे, पाणी मागे, चहाला उठे. तेवढीच वाजवणाऱ्याच्या मनगटाला विश्रांती. आता लेहरा मोबाईलवर वाजतो. तो दमत नाही, आणि लय बोटाने हवी तेवढी वाढवता येते. मुले दोन-दोन तास सलग वाजवतात आणि मग खांदा धरून दवाखान्यात येतात.

माझे मत असे की, ज्या मोबाईलने विश्रांती घालवली त्याच्याकडूनच ती वसूल करावी. दर २५ मिनिटांनी घंटा लावावी व ५ मिनिटे वाद्यावरून हात काढावा. (त्या ५ मिनिटांत मान वाकवून मोबाईल पाहत बसू नये, हे हल्ली मुद्दाम सांगावे लागते.) वेदनेची नोंद ठेवणारी ॲपही मिळतात. किती वेळ वाजवले, कुठे दुखले, ० ते १० मध्ये किती, एवढे रोज भरावे. विशारदची तयारी करणारा एक विद्यार्थी तीन आठवड्यांची अशी नोंद घेऊन आला. दुखणे सुरू झाले त्याच आठवड्यात रियाज एका तासावरून तीन तासांवर गेला होता. त्याला ते आठवत नव्हते, नोंदीत होते.

मात्र चार प्रश्न विचारून आजाराचे नाव सांगणाऱ्या ॲपवर माझा विश्वास नाही. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन रात्री जाग येत असेल तर मनगटातील नस दबलेली असू शकते. करंगळीला मुंग्या येत असतील तर कोपर तपासावे लागते, कधी मानही. आणि वाजवतानाच एखादे बोट आपोआप आत वळत असेल, तर बहुधा ते दुखत नाही. ॲपमध्ये शून्य भरले जाईल, पण अशा वादकाने मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. डॉक्टरांकडे जाताना शक्य तर वाद्यही न्यावे. बैठक पाहिल्याशिवाय निम्मे निदान होत नाही.

दुखल्याशिवाय हात तयार होत नाही, असे काही गुरुजन म्हणतात. नव्या सतारियाची बोटे सुरुवातीला दुखतात, हे खरे. पण दुसऱ्या सकाळपर्यंत टिकणारे दुखणे वेगळे. मुले ते गुरुजींना सांगायला बिचकतात, गोळी घेऊन वाजवतात. गुरुजींनी महिन्यातून एकदा ती नोंद स्वतः मागून पाहावी आणि त्या दिवशी रियाजाचे तास ठरवून द्यावेत.