हिंसेतून संसारात

हिंसेत वाढलेला तरुण सुधारेल काय, असा प्रश्न आपल्या घरांतून पुष्कळदा निघतो. तो सुधारावयास तयार झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उठून काय करावे, कोणाच्या घरी चहा घ्यावा, पगाराची तारीख येईपर्यंत कशाच्या बळावर थांबावे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते सारी अडचण या दुसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्याचे उत्तर कीर्तनकारही देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर, ज्याच्या दारात तो तरुण येऊन उभा राहिला आहे, त्यालाच द्यावे लागते.

सातारा व सांगली या मुलखाला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. १९४९ पर्यंत यांतील बराच भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता; त्या वर्षी दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मध्ये मध्ये संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. याच मुलखात १९४२ च्या चळवळीतून प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत टिकले. त्याचा अभिमान आपण सर्वांनी बाळगला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्या चळवळीत शिरलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा चार वर्षांनी बाहेर आला तेव्हा तो कोणत्या सवयी घेऊन आला असेल, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांत आम्हांला क्वचितच आढळतो. रोज निराळ्या गावी निजावयाचे, अनोळखी घरची भाकरी खावयाची, हत्यार उशाशी ठेवावयाचे, फितुराला शासन करावयाचे. तळपायांवर मार देण्याच्या शिक्षेमुळे लोकांनी या सरकारला ‘पत्री सरकार’ म्हटले, हे सर्वश्रुत आहे. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि ज्याने कालपर्यंत गावाचे तंटे तोडले होते त्याला आपल्या बांधाच्या तंट्यासाठी मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात बसून राहणे भाग पडले.

पुढाऱ्यांचे निभावले. वसंतदादा पाटील पंचविशीत असताना, २४ जुलै १९४३ रोजी, सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात ते स्वतः गोळी लागून जखमी झाले आणि दोन साथी प्राणास मुकले. हेच वसंतदादा पुढे सांगलीच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत गुंतले आणि १९७७ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. वाळव्याचे नागनाथ नायकवडी १९४४ साली धुळ्याच्या खजिन्याच्या लुटीत होते. त्याच वर्षी ते पकडले गेले आणि साताऱ्याच्या तुरुंगातून निसटलेही. वय अवघे बावीस. पुढे त्यांनी वाळव्यास जो साखर कारखाना काढला त्याला स्वतःचे किंवा कोणा मंत्र्याचे नाव दिले नाही. १९४५ साली पोलिसांशी झालेल्या चकमकीत पडलेला आपला साथी किसन अहीर याचे दिले. ज्याच्याबरोबर मरणाच्या वाटेवर चाललो, त्याच्या नावाने उसाचे वजन व्हावे आणि शेतकऱ्याचे बिल निघावे, ही कल्पना आम्हांला पुतळ्याहून थोर वाटते. अशा पुरुषांना मोठे काम मिळाले आणि चार वर्षांचा सगळा वेग त्या कामात जिरला. ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत ते मात्र थोरल्या भावाच्या नांगरामागे परतले. त्यांना कोणी शिकविले, की आता रात्री कुत्रे भुंकले तरी कूस बदलून झोपावयाचे आहे?

स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे ज्यांचा उल्लेख येणार आहे ते शिक्षा झालेले कैदी यांना आम्ही एका पंक्तीस बसवितो, म्हणून कोणी रागावेल. हेतूंची तुलना आम्ही करीत नाही. ती होऊच शकत नाही. परंतु शरीराला हेतू कळत नाही. मारामारीत, भयात, सततच्या सावधपणात ज्याची उमलती वर्षे गेली त्याचे कान मागे लागलेले असतात, झोप सशाची असते, पाठीशी दार उघडे असले तर घास गिळत नाही, आणि कोणी नुसता आवाज चढविला तरी हात आधी उठतो व विचार मागाहून येतो. आजचे मनोवैद्यही हेच सांगतात, की लहानपणी नित्य मार पाहिलेल्या मुलाचे मन धोका नसतानाही धोक्यासाठी सज्ज राहते. हा त्याचा दुष्टपणा नव्हे. एके काळी त्याला जिवंत ठेवणारी ही विद्या आहे. ती आता निरुपयोगी झाली आहे, हे त्याच्या अंगाला पटावयास वर्षे लागतात.

या कामी पूर्वीच्या औंध संस्थानात जे घडले ते आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावे असे आम्हांला वाटते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानची कुंडल व आटपाडी ही ठाणी सांगली जिल्ह्यात गेली आहेत. राजेसाहेब भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव सूर्यनमस्कारांमुळे अनेक घरांत आजोबांच्या तोंडी असे. त्यांनी माळाची जमीन दिली म्हणून १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना कुंडलजवळ उभा राहिला आणि किर्लोस्करवाडी वसली. तेथे लक्ष्मणरावांनी एक गोष्ट केली, जी त्या काळी शहाण्यासुरत्यांना वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. यात दयाबुद्धी होतीच, पण आम्हांला तीहून मोठी वाटते ती त्यामागची समज. रात्र ज्याच्या ओळखीची, त्याला रात्रीचेच काम दिले. त्याची जुनी विद्या टाकावयास न लावता तिचे तोंड फिरविले. आपल्याकडे गावची राखण रामोशांकडे असे, ती याच समजुतीने. इंग्रज सरकारने मात्र १८७१ च्या कायद्यान्वये पारध्यांसारख्या कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारण्याची वाट काढली. तो कायदा १९५२ साली गेला; शिक्का अजून पुष्कळांच्या, आपल्याही, मनात शिल्लक आहे.

राजेसाहेबांचा पुढचा प्रयोग अधिक धाडसाचा. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि त्याच सुमारास आटपाडीजवळच्या रुक्ष माळावर कैद्यांची एक वसाहत स्थापन केली. तिचे नाव स्वतंत्रपूर. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हे मूळचे पोलंडचे यहुदी, विजेच्या यंत्रांचे इंजिनियर. बंगळूरच्या कारखान्यातील काम सोडून औंधात आले आणि भारतानंद या नावाने येथलेच झाले. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची त्यांना साथ होती. वसाहतीला तुरुंगाची भिंत नाही. कैद्याला राहावयास घर, कसावयास जमीन, आणि मुख्य म्हणजे बरोबर राहावयास त्याची बायकामुले. १९४८ साली औंध विलीन झाले, संस्थानच्या कितीतरी गोष्टी दप्तरात गेल्या. स्वतंत्रपूर गेले नाही. ते राज्याच्या तुरुंगखात्याकडे आले आणि चांगली वर्तणूक दाखविलेल्या निवडक कैद्यांसाठी पुढेही चालू राहिले.

व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची, ते त्याच आटपाडी भागातील शेटफळ्याचे, तेव्हा विषय घरचाच होता. चित्रपट उत्तम आहे, बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, तो आम्हांलाही आवडतो. तथापि त्यामुळे एक गैरसमज पसरला आहे. चित्रपटात सारा भर जेलरच्या दोन डोळ्यांवर, म्हणजे एका थोर पुरुषाच्या धाकावर व मायेवर आहे. मूळ योजनेचे मर्म आमच्या समजुतीने निराळे आहे. थोर पुरुष बदलून जातो, निवृत्त होतो, मरतो. शेजारच्या चुलीवर भाकरी भाजीत असलेली बायको आणि शाळेची पाटी हरवून आलेले पोर हे रोजचे असतात. बायको रागावते आणि तिच्यावर हात उगारावयाचा नसतो. पोर ऐकत नाही आणि तेच तेच सांगावे लागते. पावसाने दगा दिला तर कोणाचे डोके फोडून उपयोग नसतो. हिंसेत वाढलेल्याला जे कोणी शिकविलेले नसते ते हे, की बहुतेक गोष्टी वाट पाहिल्याने होतात, आणि पुष्कळ गोष्टी वाट पाहूनही होत नाहीत, तरी संध्याकाळी जेवावयाचे असते. कोठडीत हे शिकता येत नाही. तेथे जेवण वेळेवर येते, दार दुसराच कोणी लावतो, आणि राग आला तर तो गिळण्याचे कारण दंडुका असतो.

आता आपल्या घरांकडे वळू. असा एखादा तरुण शेतावर, दुकानात किंवा छापखान्यात कामास ठेवावयाची वेळ आली तर घरातील बायकामाणसे भितात. ही भीती नुसती कल्पनेतली म्हणून हसण्यावारी नेणे बरे नव्हे. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली याच मुलखात आपल्यापैकी कित्येकांचे वाडे जळाले आहेत, आणि ज्यांनी ते लहानपणी पाहिले त्यांचीही झोप पुढे सशाचीच झाली. भीती असेल तर ती उघड बोलून घ्यावी आणि कामाच्या मर्यादा तिच्याप्रमाणे आखाव्यात. अर्धवट विश्वास मात्र ठेवू नये. परीक्षा पाहण्यासाठी कोनाड्यात दहाची नोट विसरल्यासारखी ठेवण्याची युक्ती आपल्याकडे फार आहे. ती त्या माणसाला तत्काळ कळते, कारण सापळा ओळखणे हीच त्याची विद्या. विसंबता येत नसेल तर कुलूप लावावे. कुलपाचा त्याला अपमान वाटत नाही, सापळ्याचा वाटतो.

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण आहे. काम करणारा एक आणि हुकूम करणारे सात. आजोबा एक सांगतात, काका दुसरे, वहिनी तिसरे, आणि शेवटी बोलणी मात्र त्यालाच. साधा नोकर हे हसून सोसतो. ज्याच्या घरी एका चुकीला एक तडाखा हाच हिशेब होता, त्याला हा गोंधळ असह्य होतो आणि तो एक दिवस न सांगता निघून जातो. मग आपण म्हणतो, पाहा, शेवटी जातीवर गेला. एकाच वडीलधाऱ्याने त्याच्याशी कामाचे बोलावे. पगार ठरल्या तारखेस द्यावा. चुकला तर त्या दिवसाच्या चुकीबद्दल त्या दिवशी बोलावे, मागील आयुष्य त्यात ओढू नये, आणि पाहुण्यांपुढे त्याची कहाणी त्याच्याकडून वदवून घेण्याची हौस तर अजिबात करू नये.

येथवर वाचून ज्या घरात असा तरुण कधी येणार नाही ते निश्चिंत झाले असतील. त्यांना विचारावेसे वाटते: हिंसेत वाढलेला म्हणजे दरोडेखोराचाच मुलगा, असे कोणी ठरविले? पदवी घेतलेले, संध्या करणारे, चारचौघांत मृदू बोलणारे वडील घरात पट्टा काढतात, अशी घरे आपल्यात नाहीत काय? त्या घरातला मुलगा अभ्यासात पहिला असतो, बँकेत लागतो, आणि त्याच्या बोलण्याचालण्यात काही दिसत नाही. दिसते ते लग्नानंतर, बंद दाराआड. त्याच्यासाठी कोणी स्वतंत्रपूर काढलेले नाही, कारण त्याला कैदी म्हणून कोणी ओळखलेलेच नाही. वडील कडक होते म्हणून मुलगा शिकला, असे आपण कौतुकाने सांगत असतो. अशा मुलाला वाटले की आपला हात आपल्या ताब्यात राहत नाही, तर त्याने ते कोणाजवळ बोलावे? निदान एका काकाजवळ, मामाजवळ किंवा आजच्या काळी डॉक्टरजवळ हे बोलण्याची वाट घरात मोकळी असली पाहिजे.

लग्नाचा विषय निघाला आहे तर तोही पुरा करू. कुंडलचे जी. डी. बापू लाड यांचा विजयाताईंशी विवाह १९४५ साली झाला, तेव्हा बापू भूमिगत होते. वराच्या मागे पोलीस आहेत, उद्याचा भरवसा नाही, हे त्या काळी झाकून ठेवण्यासारखे नव्हतेच. आज ज्या तरुणाचे मागील आयुष्य मारामारीत किंवा तुरुंगात गेले आहे, त्याचे स्थळ सुचविताना आपले लोक ‘मध्यंतरी बाहेरगावी होता’ असे म्हणून वेळ मारून नेतात. मुलीकडच्यांना सर्व सांगावे. किती वर्षे, कशाबद्दल, आणि त्यानंतर किती वर्षे तो एका जागी टिकून कामावर आहे, हेही सांगावे. नुसत्या मुलीच्या वडिलांना सांगून भागणार नाही, मुलीला सांगावे. त्या तरुणानेच समोर बसून सांगितले तर उत्तम. शब्द अडखळले तर शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याने ते पुरवावेत, मात्र बदलू नयेत. नकार आला तर तो ऐकून घेऊन दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर जाणे त्याला जमते की नाही, हे तेव्हा त्याचे त्यालाही कळून येईल.